दोन सतराची नोंद

साकोलीच्या पुढे, कालव्याच्या वळणावर
आमची सहकारी भात गिरणी.
वजनकाट्यामागच्या खोलीत एक सर्व्हर,
त्याच्यावर कोंड्याची पिवळी साय.
रोज सकाळी आधी ती पुसते,
मग रात्रीचा लॉग उघडते.

नागपूरच्या पोरानं दुरुस्तीसाठी
दोन दिवसांपुरतं एक दार उघडून ठेवलं होतं,
तीन हजार तीनशे एकोणनव्वद नंबरचं.
त्या दोन दिवसांना आता दीड वर्ष झालं.

रात्रभर त्या दारावर कोण कोण येतं!
एका रात्रीत चार हजार एकशे बारा थापा.
नाव विचारलं तर सांगतात : ॲडमिन.
नाही म्हटलं तर : टेस्ट. युजर. बॅकअप. पुन्हा ॲडमिन.
या नावाचं कुणी आमच्या पंचक्रोशीत जन्मलं नाही.
पत्ते बघावेत तर कुठल्या कुठल्या मुलखांचे,
जिथे आमचा तांदूळही कधी पोचला नसेल.

बाबूजी पहाटे जागलीवरून येतात, घोंगडी झटकतात.
मी काय शोधते ते त्यांना एकदा सांगितलं.
म्हणाले, "डुक्कर एकदम बांधीत नाही घुसत बाई,
पयले धुऱ्याधुऱ्यानं हुंगत फिरते.
खुरं पाहाजो. खुरावरून समजते
एकटा होता का कळप."

तेव्हापासून मी खुरं पाहते.
यंत्राची थाप दर दोन सेकंदांनी, नेमकी.
तिला दम लागत नाही,
ती पाणी प्यायला उठत नाही.

आणि मग गुरुवारची ती ओळ.
रात्री दोन सतरा. नाव : यादोराव.
चूक.
एकवीस सेकंद काहीच नाही.
पुन्हा चूक.
मग चाळीस सेकंद
(एवढा वेळ चष्मा शोधायलाच लागतो)
आणि दार उघडलं.

हातातला चहा तसाच निवला.
यादोराव कापगते, आमचे जुने हेडक्लर्क,
पाच वर्षांपूर्वी शाल-नारळ घेऊन गेले,
त्यांचं खातं बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.
कुणी चोरलं असेल त्यांचं नाव?
आत काय काय झालं ते ओळीओळीनं पाहिलं :
काही उचललं नाही, काही पुसलं नाही.
फक्त सभासदांची यादी उघडली,
एकोणीस मिनिटं तशीच ठेवली,
आणि नीट, रीतसर बाहेर पडले.

फोन लावला. ते पुण्याला, मुलाकडे, अकराव्या मजल्यावर.
आधी नाही म्हणाले. मग गप्प.
मग म्हणाले, "झोप येत नाही ना बाप्पा.
यादी वाचतो. सेंदूरवाफा, कुंभली, सानगडी...
कोनाच्या नावापुढं 'मयत' लागलं, पाहतो.
इकडं कोनी सांगत नाही."

मी त्यांना नियम सांगितले.
माझाच आवाज मला बँकेच्या फोनसारखा वाटला.
खातं बंद केलं. नागपूरला खडसावून
ते दारही बुजवून घेतलं.

आता थापा कुंपणाबाहेरच अडतात,
त्यांच्या नोंदीत नाव येत नाही, फक्त पत्ता.
शनिवारी हजारोंच्या त्या पाऊसधारेत
दोन सतराला एक पुण्याचा आकडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग तोच आकडा, आणखी एकदा.

रकान्यात लिहिलं : संशयास्पद, अडवलं.
खुर्ची भिंतीकडे फिरवली, फोन घेतला.
"काका, सानगडीचे फागोजी लांजेवार गेले. सोमवारी."
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
"कोनते फागोजी? तलावाकडचे,
का शाळेजवळचे?"